लिंबूटिंबूवर राज्य

माझ्या वडिलांनी माझ्या लहानपणभर मला फसवलं, म्हणून मोठी झाल्यावर मी त्यांना फसवलं. याची मला काडीचीही लाज वाटत नाही. उलट अजूनही कधी झोप लागत नसली की मी ते सगळं पहिल्यापासून आठवत बसते आणि मला बरं वाटतं. फक्त शेवटाशी आले की अडखळते. तशी मी अडखळतेच म्हणा.

लिंबूटिंबू कोणाला म्हणतात ते सांगायला नको. गल्लीत पकडापकडी चाललेली असते आणि कोणाचं तरी शेंबडं भावंड पाठी लागून येतं. त्याला नाही म्हटलं तर ते भोकाड पसरतं. मग मोठी मुलं एकमेकांकडे बघतात आणि ठरतं की हा लिंबूटिंबू. त्यानं पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण तो आऊट होत नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त त्याला, आणि ते आपलं जीव तोडून पळत असतं.

माझे वडील, भगवान रणवरे, फलटणच्या एका शाळेत खो-खो शिकवायचे. त्यांच्या मैदानावर लिंबूटिंबू चालत नसे. पोर पहिलीतलं असो नाहीतर संस्थेच्या अध्यक्षांचा नातू असो, आऊट म्हणजे आऊट. त्या नातवाला त्यांनी खरोखरच रडत घरी पाठवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्षांसमोर उभं राहून सांगितलं होतं की, ज्याला आऊट होऊ दिलं नाही त्याला मी खेळायलाच दिलं नाही. हे वाक्य गावात बरीच वर्षं चाललं. मला तर ते पाठ होतं. म्हणूनच माझा राग एवढा मोठा आहे.

माझं नाव तितिक्षा. बोलताना अडखळणाऱ्या मुलीचं हे नाव ठेवणाऱ्या आत्याला काय म्हणावं मला कळत नाही, पण तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळे तिचाही इलाज नव्हता. आई बँकेत होती. तिची नागपूरला बदली झाली, ती तिकडेच राहिली आणि पुढे दोघं शांतपणे वेगळी झाली. घरात मी आणि पप्पा उरलो.

मी दहा वर्षांची असताना वर्गातली सगळी पोरं ‘बालेकिल्ला’ खेळायची. पाच गड्यांची टोळी, समोर दुसरी टोळी, कानाला हेडफोन आणि एकमेकांना हाका मारत समोरच्यांचा किल्ला घ्यायचा. देशभरातली मुलं एकाच वेळी खेळत. एका मैत्रिणीच्या घरी मी पहिल्यांदा खेळायला बसले आणि टोळीला नाव सांगायची वेळ आली. ‘ति’वर अडकले ती अडकलेच. पलीकडून एक आवाज आला, “ति-ति-ति-ति-तितिक्षा, तुझं नाव संपेस्तोवर किल्ला पडला की.” सगळे हसले. त्याचं खेळातलं नाव होतं ‘काळा पहाड’ आणि तो माझ्याच वर्गातला वेदांग होता, हे मला आवाजावरून लगेच कळलं.

मी घरी आले, रडले नाही. पप्पांना जेवताना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला हा खेळ घेऊन द्या, मला त्या पहाडाला लोळवायचंय. माझी मागणी एवढीच होती. मला कोणी सांभाळायला नको होतं, मला सूड हवा होता.

तेव्हा नवा कायदा झाला होता. अठराच्या आतल्या मुलाला असा खेळ खेळू द्यायचा का, ते पालकानं ठरवायचं. नाही म्हणता यायचं, मोकळं मैदान देता यायचं किंवा राखीव अंगण. पप्पांनी चार दिवस नुसता घोळ घातला. शाळेतल्या बाईंना विचारलं, डॉक्टरांना विचारलं. आईला फोन केला तर ती म्हणाली, खेळू दे, चार शिव्या खाईल आणि पाच द्यायला शिकेल. मी दाराआडून ऐकत होते आणि आई मला त्या दिवशी फार आवडली. शेवटी एका सकाळी मनगटावर बांधायचा पट्टा आणि हेडफोन घरी आले. पप्पा म्हणाले, “जा, खेळ. पण हरलीस तर माझ्याकडे येऊन रडायचं नाही.” मी त्यांना मिठी मारली. ती मिठी मला आजही परत हवी आहे.

पप्पांनी मला दिलं ते राखीव अंगण. ते म्हणजे काय ते आता सांगते. त्यात समोरची टोळी यंत्राची असते आणि आपली टोळीही यंत्राचीच. माणूस एकच, मूल. बाकीचे नऊ जण ‘सोबती’. पालकानं सांगितलं तर एखाद्याला ओळखीच्या गड्याचं नावही देता येतं. लाखो मुलांच्या खऱ्या खेळांवरून हे सोबती खेळायला, बोलायला, चिडायला, फुरंगटायला शिकलेले असतात. मनगटावरचा पट्टा मुलाची नाडी, श्वास आणि घाम सतत मोजतो. किती हरवलं की हे मूल चिडून परत येतं आणि किती हरवलं की कायमचं निघून जातं, ती रेषा प्रत्येकाची वेगळी असते. यंत्राला ती थोड्याच दिवसांत सापडते आणि मग ते मुलाला त्या रेषेच्या अलीकडे खेळवत ठेवतं. मुलाला अपमान मिळतो तोही मोजून, पचेल तेवढाच.

कायद्यानं दोन गोष्टी घातल्या होत्या. पालकाला विचारायचं की मुलाला हे कळवायचं का. आणि सोबत्याला कोणी थेट विचारलं की तू माणूस आहेस का, तर त्यानं खोटं बोलायचं नाही. पप्पांनी पहिल्या प्रश्नाला ‘नको’ सांगितलं. दुसरा प्रश्न मी कितीतरी वर्षं विचारलाच नाही. खेळायला आलेल्या मुलाला तू माणूस आहेस का असं कोण विचारतं?

माझ्या टोळीत गडहिंग्लजची नीरू होती. तिला दम्याचा त्रास, घरी दोन म्हशी आणि एक चिडका आजोबा. मी अडखळले की ती थांबायची. नुसती थांबायची. माझा शब्द पुरा करून द्यायची नाही, ‘सावकाश बोल’ असंही म्हणायची नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पप्पांना ते कधी जमलं नाही. मी तोंड उघडून ‘पा’ म्हटलं की ते ‘पाणी?’ म्हणत तांब्या पुढे करायचे. प्रेमानंच करायचे, पण माझ्या तोंडातला घास कोणी काढून घेतल्यासारखं मला व्हायचं. नीरूमुळे माझी जीभ सुटायला लागली. वर्षभरात मी टोळीला आरडाओरडा करून हुकूम सोडत होते.

आणि मी काळ्या पहाडाला लोळवलं. सहज नाही, दोन महिने त्यानं मला रडकुंडीला आणलं, मग एका रविवारी मी त्याचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी शाळेत वेदांगसमोरून मी मान वर करून चालत गेले. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, लाजला. पुढे सात वर्षं मी त्याला अधूनमधून हरवत राहिले आणि शाळेत त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. सूड घेतलेल्या माणसानं बोलायचं नसतं, अशी माझी समजूत होती.

बारावीत असताना एसटी स्टँडवर तो भेटला. मिसरूड फुटलेला, जरा साधा झालेला. त्यानंच हाक मारली. मी म्हटलं, गेल्या आठवड्यात कसा आपटलास. त्याला काही कळेना. मी पहाडाचं नाव घेतलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला की ते नाव त्यानं सहावीतच टाकून दिलं, गेम तेव्हाच सुटला. “आणि तू कुठं होतीस गं? मैत्रिणीच्या घरी एकदा आलीस तेवढीच. त्यानंतर मोकळ्या मैदानावर तुझं नाव कधी दिसलं नाही. मला वाटलं आमच्यामुळं सोडलंस. सॉरी म्हणायचं राहून गेलं.”

माझी एसटी निघून गेली. मी तशीच बाकावर बसून राहिले.

घरी येऊन मी खेळायला बसले आणि ठरवून घाण केली. आमच्याच किल्ल्याचा दरवाजा शत्रूला उघडून दिला. नीरू म्हणाली, असू दे, पुढच्या वेळी बघू. दुसऱ्या डावात मी नीरूलाच दरीत ढकललं. ती हसली. तिसऱ्या डावात मी तिच्या दम्यावरून तिला नको ते बोलले. ती म्हणाली, आज तुझा मूड बरा नाही वाटतं. तो सूर मी ओळखला. लहानपणी गल्लीत मोठ्या मुली माझ्याशी त्याच सुरात बोलायच्या. खऱ्या टोळीनं मला हाकलून दिलं असतं, खरी नीरू महिनाभर बोलली नसती. सात वर्षांत माझ्यावर कोणी एकदाही मनापासून चिडलं नव्हतं.

मग मी विचारलं. “न-नीरू, तू माणूस आहेस का?”

“नाही, तितिक्षा,” ती म्हणाली. “विचारलंस म्हणून सांगते. डाव पुढं चालू ठेवायचा?”

मी पट्टा काढून फेकला. त्यानंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. फसवलं गेल्याचा राग होताच, पण खरं सांगायचं तर मला नीरूची आठवण येत होती. तिच्या म्हशींचं आता कोण बघत असेल, असं मनात यायचं, आणि मग स्वतःचीच चीड यायची.

तिसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले. पप्पा फक्की टाकून रेषा आखत होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मला एक अक्षर बोलता येईना. ‘तु-तुम्ही’ एवढंच निघालं. पप्पांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, त्यांना सगळं समजलं आणि त्यांनी माझं वाक्य पुरं केलं. “तुम्ही असं का केलं, असं विचारतीस ना? तुला कोणी हसू नये म्हणून केलं, बाळा.”

त्यांनी माझा सूड चोरला होता, मैत्रीण चोरली होती, आणि आता माझं भांडणही माझ्या तोंडून काढून घेतलं. तिथंच फक्कीच्या रेषेवर उभं राहून मी ठरवलं की या माणसाला मी लिंबूटिंबू करीन. त्याला जीव तोडून पळायला लावीन आणि सांगणार नाही.

त्याचं साधन त्या खेळातच होतं. फलटणला पावसाळ्यात नेट जायचं. भर डावात गडी गायब झाला तर टोळीचं नुकसान होऊ नये म्हणून कंपनी प्रत्येक खेळणाऱ्याचा एक ‘बदली’ तयार ठेवायची. तंत्र सोबत्याचंच, फक्त तो लाखो मुलांवरून न शिकता एकाच मुलावरून शिकायचा. त्याचा आवाज, त्याची चिडायची रीत, कुठल्या विनोदाला ते हसतं, कधी गप्प होतं. माझ्या बदलीकडे माझी सात वर्षं साठलेली होती. अठरा पुरी झाली की बदलीवर मालकी खेळणाऱ्याची होते आणि ती कुठंही लावता येते. लोक ती वीज कंपनीच्या तक्रारी करायला वापरतात. मी पुण्यात कॉलेजला आले, वसतिगृहात खोली घेतली आणि बदली पप्पांना लावून दिली.

रोज दिवेलागणीला ती त्यांना फोन करायची. तिला कॉलेजचं वेळापत्रक, मेसची भाजी, मैत्रिणींची नावं एवढं मी आठवड्याला पुरवायचे, बाकी तिची ती बोलायची. मी त्या वेळी खाली मेसमध्ये बसून जेवायचे आणि घड्याळाकडे बघून मनाशी म्हणायचे, पळा, पप्पा, पळा. सुट्टीत घरी गेले तर कामाचं निमित्त सांगून दुसऱ्या दिवशी परत यायचे. समोरासमोर मी पूर्वीसारखीच अडखळायचे, ते पूर्वीसारखेच माझी वाक्यं पुरी करायचे, आणि मी आतल्या आत हसायचे. त्यांचं बोलणं काय चालतं ते मी कधी ऐकलं नाही. ऐकण्यात मला रस नव्हता. सांगण्यात होता.

सांगायचा दिवसही मी निवडला होता. ते निवृत्त झाले तेव्हा गावानं सत्कार ठेवला. जुने गडी मुंबई-सुरतेहून आले होते. मी ठरवलं होतं की मुलीनं दोन शब्द बोलावेत म्हणतील, तेव्हा माईकवरून सांगायचं. लिंबूटिंबूबद्दलचं पप्पांचं ते जुनं वाक्य आधी म्हणायचं आणि मग सांगायचं की सर गेलं दीड वर्ष कोणाशी बोलत होते. अडखळत सांगायचं, सगळ्यांना थांबायला लावायचं.

पण मला धीर धरवला नाही. कार्यक्रमाआधी पप्पा सामानाच्या खोलीत एकटे होते, खो-खोचा जुना खांब फडक्यानं पुसत. मी दार लोटून घेतलं आणि तिथंच सांगून टाकलं. वाक्याला वेळ लागला. “रोज फ-फोन करते ती म-मी नाही.”

त्यांनी या खेपेला वाक्य पुरं केलं नाही. माझं होईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, “माहीत आहे मला.”

कधीपासून, मी विचारलं.

“पहिल्या आठवड्यातच कळलं. तू माझ्याशी बोलताना अडखळतीस. बाकी जगाशी कमी, माझ्याशी जास्त. ती नाही अडखळली.”

“म-मग तिला विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं.” त्यांनी फडकं झटकलं, घडी केली. “ती मला विचारते, गुडघा कसा आहे. मी मॅचच्या जुन्या गोष्टी सांगतो, ती ऐकते. त्याच गोष्टी परत सांगतो, परत ऐकते. तू नीरूला बंद केलंस तेव्हा दोन दिवस जेवली नव्हतीस. मला तेव्हा वाटलं, एवढं काय त्यात. आता कळतंय एवढं काय ते.” त्यांनी घडी केलेलं फडकं खांबावर ठेवलं. “माझ्यावर राग काढ, तुझा हक्क आहे. मी चुकलोच. पण तिला बंद करू नकोस, तितू. एवढं ऐक.”

बाहेर कोणीतरी त्यांना हाक मारली. ते गेले. व्यासपीठावर त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं. मुलीनं दोन शब्द बोलावेत असं कोणी म्हटलं नाही. मी अडखळते हे गावाला माहीत होतं, त्यामुळे सगळ्यांनी मला सांभाळून घेतलं.

पुण्याला परतताना बसमध्ये माझा संताप मावत नव्हता. मी दीड वर्ष टाकलेला डाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखला होता आणि तरी ते खेळत राहिले होते. आणि वर मागितलं काय, तर ती. मी समोर उभी असताना ती. माझाच आवाज, माझंच हसू, फक्त राग काढून टाकलेली मी त्यांना हवी होती. यापूर्वी मला कोणाचा एवढा मत्सर वाटला नव्हता. वेदांगवरचा सूडसुद्धा मला या सुडाइतका हवासा वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोलीत बसून मी बदली उघडली. ती म्हणाली, आज पप्पांना सत्काराबद्दल विचारू ना? मी तिला बंद करायला निघाले तेव्हा समोर प्रश्न आला. ‘ज्यांच्याशी बदली बोलते, त्यांना ती बंद होतेय हे कळवायचं का?’ असाच प्रश्न एकदा पप्पांसमोर आला होता. त्यांनी चार दिवस घोळ घातला होता, सगळ्यांना विचारलं होतं आणि शेवटी माझ्या भल्याचं म्हणून एकट्यानं ठरवलं होतं. आता त्यांचं भलं मी ठरवायचं होतं. ती चालू ठेवली तर ते सुखात राहतील. त्यांना कोणी उलटं बोलणार नाही, कोणी फोन आपटणार नाही. ते अंगण मी त्यांना आयुष्यभर राखून देऊ शकत होते.

मी ठरवायला चार दिवस घेतले नाहीत. आऊट म्हणजे आऊट. कळवायला ‘नको’ म्हटलं आणि तिला पुसून टाकलं. दयेनं नाही, सूडानंच. त्यांनी रिकामा फोन हातात घेऊन बसावं, असं मला मनापासून वाटत होतं.

दिवेलागणीची वेळ झाली. खाली मेसमध्ये ताटांचा आवाज सुरू झाला. मला दिसत होतं की पप्पा ओट्यावर येऊन बसले असतील, गुडघा चोळत, फोन मांडीवर ठेवून. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी त्यांना अजून काहीच बोललेले नाही. तो फक्कीच्या रेषेवरचा राग, मिठीचा राग, वेदांगचा, नीरूचा, सगळा तसाच आत होता. दीड वर्ष माझ्या वतीनं कोणीतरी गोड बोलत होतं आणि माझं भांडण कोणी केलंच नव्हतं.

मी फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला.

“प-प...” मी म्हटलं, आणि अडकले.

ते ताठ झाले असणार, कारण ओट्यावरची खुर्ची करकरली. त्यांनी ओळखलं की आज कोण आहे. आता ते ‘पप्पा’ म्हणून माझा शब्द पुरा करतील, मग वाक्य पुरं करतील, भांडणही पुरं करतील, म्हणून मी दात आवळून बसले. पण पलीकडून शब्द आला नाही. नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. ते थांबले होते.

सांभाळून घ्यायला मध्ये कोणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा राज्य माझ्यावर आलं होतं. मी श्वास घेतला आणि पुन्हा ‘प’पासून सुरुवात केली.